‘टेक्सास’चं किट: भुसावळच्या एका शेडवाल्याचा अभिप्राय

पार्सल आलं त्या दिवशी भुसावळात पारा ४६ वर होता. कुरिअरवाल्या पोराने खोकं पायरीवर ठेवलं, तांब्याभर पाणी घटाघटा प्यायला आणि म्हणाला, “काका, एवढं मोठं खोकं अन् वजन काहीच नाही. काय आहे यात?” मी म्हटलं, “सत्तावीस हजार टनांची बोट.” त्याने एकदा खोक्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि गाडीला किक मारली.

बोटीचं नाव ‘टेक्सास’. अमेरिकेच्या नौदलाची जुनी युद्धनौका. १९१४ साली नौदलात आली, दोन्ही महायुद्धं पाहिली, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षी पॅसिफिकमध्ये इवो जिमा आणि ओकिनावा या बेटांवर सैनिक उतरले तेव्हा समुद्रातून तोफा डागायला उभी होती. तिचं हे प्लास्टिकचं किट १:३५० मापाचं आहे. खरी बोट १७५ मीटरच्या आत-बाहेर, म्हणजे जोडून झाली की पन्नास सेंटिमीटर. मला पडले ९,७०० रुपये, कुरिअर वेगळं. किट बनवणाऱ्या कंपनीचं आणि ज्या दुकानातून मागवलं त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दोघांशी माझा पत्रव्यवहार अजून चालू आहे, आणि तो फार गोड नाही.

आधी माझी ओळख, म्हणजे अभिप्रायाचं वजन किती धरायचं ते तुम्हीच ठरवा. मी १९७३ साली रेल्वेत खलाशी म्हणून लागलो, वाफेच्या शेडमध्ये. मग फिटर झालो. वाफेची इंजिनं माझ्या डोळ्यांदेखत निघाली, तशी आमची रवानगी इलेक्ट्रिक लोको शेडला झाली. तिथूनच निवृत्त झालो. किट जोडायचा नाद निवृत्तीनंतरचा. ही माझी चौथी बोट. हात अजून थरथरत नाही. डोळ्याला मात्र घड्याळजीचं भिंग लागतं.

हीच बोट का घेतली, याचं कारण खोक्यावर कुठेच छापलेलं नाही. तिचं इंजिन. आजची बहुतेक पोरं युद्धनौका म्हटलं की तोफा मोजतात. मी आधी विचारतो, चालते कशावर? टेक्सासमध्ये टर्बाइन नाही. उभी, पिस्टनची दोन वाफेची इंजिनं आहेत, प्रत्येकाला चार सिलिंडर. क्रॉसहेड, कनेक्टिंग रॉड, क्रँक, सगळा आपला शेडचाच गोतावळा, फक्त दोन मजली. दोन्ही मिळून अठ्ठावीस हजार अश्वशक्तीची. बॉयलरमधली ताजी वाफ आधी लहान सिलिंडरात काम करते, तिथून निघाली की मधल्यात, आणि उरलासुरला दम दोन मोठ्या सिलिंडरांत. आमच्या डब्ल्यूजी, म्हणजे मालगाडीच्या वाफेच्या इंजिनात वाफ एकदाच काम करायची आणि चिमणीतून भक्क करून आभाळात जायची. तिचं पाणी पुन्हा काही हाती लागायचं नाही, म्हणून तर स्टेशनास्टेशनावर पाण्याचे नळ. बोटीत ते परवडत नाही. समुद्राचं पाणी खारट, बॉयलरला चालत नाही. म्हणून वापरलेली वाफ कंडेन्सरमध्ये गार करून तिचं पाणी परत बॉयलरला द्यायचं. टर्बाइन तेव्हा आलेले होते, पण बेताच्या वेगाने लांब पल्ला मारायचा तर ते कोळसा जास्त खायचे. म्हणून नौदलाने या बोटीसाठी पुन्हा पिस्टनच पसंत केले. पुढे १९२५-२६ मध्ये तिचे कोळशाचे बॉयलर काढून तेलाचे बसवले, पण इंजिनं तीच ठेवली. ती अजून तिच्या पोटात आहेत. ही बोट १९४८ पासून टेक्सास राज्यात संग्रहालय म्हणून ठेवलेली आहे, आणि २०२२ मध्ये तिला गॅल्व्हेस्टनच्या गोदीत डागडुजीला नेलं. आम्ही रेल्वेत ज्याला पीओएच, म्हणजे ठरावीक मुदतीची पूर्ण दुरुस्ती म्हणतो तेच. फक्त हिची पाळी फार वर्षांनी आली.

किटमध्ये इंजिनाचा अर्थातच पत्ता नाही. आत पोकळ. ते मला माहीत होतं, तरी खोकं उघडल्यावर सांगाडा कानाशी धरून ठोकून पाहिला. सवय.

आता मालाविषयी.

सांगाडा दोन अर्ध्यांत येतो, डावा आणि उजवा, मग त्यावर डेक तीन तुकड्यांत. प्लास्टिक चांगलं आहे, फार ठिसूळ नाही, कापताना तुकडे उडत नाहीत. लाकडी डेकच्या फळ्यांच्या रेषा इतक्या बारीक कोरल्यात की नख फिरवलं तर जाणवतात, डोळ्याला उन्हात तिरकं धरल्यावरच दिसतात. याला पैकीच्या पैकी. पण माझ्या खोक्यातला डाव्या बाजूचा अर्धा भाग केळीसारखा वाकलेला आला. मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात दोन दिवस पडलेलं पार्सल. दुसरं काय होणार? दुकानाला फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘वाहतुकीतील नुकसानीस आम्ही जबाबदार नाही’. बरं.

घाबरू नका, यावर उपाय आहे. परातीत हाताला जेमतेम सोसेल इतकं गरम पाणी घ्या, उकळतं नको. वाकलेला भाग दोन मिनिटं बुडवा, काढून सरळ पाटावर ठेवा, वर वजन द्या आणि लगेच गार पाणी ओता. एकदा पुरत नाही. मला चार वेळा करावं लागलं. घरातली पोळ्यांची परात दिवसभर अडकली म्हणून मला दुपारी कळण्याच्या भाकरीऐवजी सकाळचा भात वाढला गेला, तो खर्च किटच्या किमतीत धरलेला नाही.

पाण्याखालच्या अंगाला दोन्ही बाजूंनी फुगवटे आहेत. ते शोभेचे नाहीत. टॉर्पेडो लागलाच तर तो बाहेरच्या फुगवट्यावर फुटावा, मूळ सांगाड्यापर्यंत पोचू नये, म्हणून १९२५-२६ च्या त्याच कामात ते बसवले होते. किटमध्ये हे फुगवटे वेगळे तुकडे आहेत आणि जोडाला अर्ध्या मिलिमीटरची फट राहते, ती लांबी (पुट्टी) भरून आणि घासून घालवावी लागते. मी दोन रात्री घासत होतो, पण कंटाळा आला नाही, कारण या फुगवट्याची एक गोष्ट मला फार आवडते. जून १९४४ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडीला सैन्य किनाऱ्यापासून आत सरकत गेलं, तशी लक्ष्यं लांब पडायला लागली आणि तोफांची तोंडं आणखी वर उचलेनात. बोटीच्या माणसांनी काय करावं? उजव्या फुगवट्यात मुद्दाम पाणी भरलं, बोट दोन अंशांनी कलती केली आणि तेवढ्या अंशांनी तोफा वर उचलून मारा चालू ठेवला. हा खास फिटरचा तोडगा. साहेबाच्या ड्रॉइंगमध्ये असली गोष्ट सापडत नाही.

तोफा दहा, पाच टरेटांत, म्हणजे फिरत्या चिलखती बुरुजांत, दोन-दोन. तोंडाचा व्यास १४ इंच. १:३५० मध्ये तो होतो बरोबर एक मिलिमीटर. पण किटमधल्या नळ्यांची तोंडं बंद आहेत! नुसते दांडे. दहाही नळ्यांना हातड्रिलने एक मिलिमीटरचं भोक मीच पाडलं. सातव्या नळीला ड्रिल बाजूने निघालं, तिला लांबी भरून पुन्हा पाडलं. एवढ्या किमतीत भोकं पाडून द्यायला हरकत नव्हती.

या नळीतून निघणारा गोळा, बेटावर मारायच्या प्रकारातला, ५८० किलोच्या आसपास. म्हणजे सहा क्विंटलला जरा कमी. पल्ला वीस किलोमीटरच्या वर. इथून समजा, भुसावळच्या यार्डातून डागला तर जळगावच्या वेशीपर्यंत. मापात उतरवला की तोच गोळा राजगिऱ्याच्या दाण्याएवढा होतो. हे राजगिऱ्याचं ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

रंगाच्या कागदावर माझं भांडण आहे. कागदावर नॉर्मंडीच्या वेळचा रंग दिलाय: खाली गडद निळा पट्टा, वर करडा. ते तेव्हापुरतं ठीक. पण खोक्याच्या झाकणावर चित्र कशाचं? इवो जिमाचं, मागे धुराडलेला सुरिबाची डोंगर, आणि पुढे ही करडी बोट. पॅसिफिकमध्ये गेली तेव्हा तिला सगळीकडून गडद निळा दिलेला होता, उभ्या भागांना नेव्ही ब्लू आणि डेकला डेक ब्लू. मी तोच दिला. किटमध्ये रंग येत नाहीत, वेगळे घ्यावे लागतात, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ॲक्रिलिक रंग ब्रशच्या टोकावरच वाळतो. डबीतून बोटीपर्यंत हात जाईस्तोवर खपली धरते. त्यात रंग सावकाश वाळवणारं औषध थेंबभर घालायचं आणि काम पहाटे पाच ते साडेसात. त्यानंतर खान्देशात बोटीला रंग देणाऱ्याने आधी डोक्यावर ओला पंचा घ्यावा.

पितळी पत्र्याचे कोरीव भाग, म्हणजे शिड्या, कठडे, रडारच्या जाळ्या, हे या किटचं वैभव आणि हीच डोकेदुखी. कठड्याची तार केसापेक्षा थोडी जाड. चिमट्याने धरायचं, श्वास रोखायचा, डिंकाचा ठिपका टोचणीच्या टोकाने लावायचा. आणि कूलर बंद ठेवायचा! मी एकदा विसरलो. वाळ्याच्या ताट्यांचा गार झोत आला आणि दुसऱ्या टरेटची शिडी डोळ्यांसमोरून गेली ती गेलीच. नातू आणि मी तासभर फरशीवर रांगलो. शेवटी ती शिडी मी ट्रान्सफॉर्मरच्या वायरच्या बारीक तारेतून वळली. जाणकाराला कळेल, बाकीच्यांना नाही.

आणि आता मुख्य तक्रार. टेक्सासला पाण्याखाली बोट ढकलणारे पंखे दोन. दोन पंख्यांच्या बोटीत एक उजवीकडे फिरतो, एक डावीकडे. म्हणजे दोन्हींची पाती एकमेकांच्या आरशातली असायला हवीत. एक सुलट्या आट्याचा, एक उलट्या. माझ्या खोक्यात दोन्ही उलटेच निघाले. एकाच साच्याची चौकट दोनदा भरलेली. कोणी म्हणेल, तळाशी आहे, कोण बघतंय? मी बघतोय. कंपनीला मेल केला, फोटो टाकले. त्यांनी माफी मागितली आणि आठ आठवड्यांत सुटा भाग पाठवतो म्हणाले.

माहितीपत्रक चार पानांचं आहे. जोडणीची चित्रं स्वच्छ, नंबर बरोबर, एवढं खरं. मागच्या पानावर बोटीचा इतिहास दिलाय, त्यात इवो जिमाबद्दल एकच वाक्य: बोटीच्या प्रचंड तोफांनी बेटाचा चुराडा केला आणि सैनिकांना वाट मोकळी झाली. नातवाने ते मोठ्याने वाचलं आणि विचारलं, “मग आबा, सैनिकांना काहीच काम उरलं नसेल?”

प्रश्न बरोबर होता. पत्रकच चूक होतं.

त्याला तोंडी सांगून काही पटेना, म्हणून मी खडू घेतला आणि आम्ही संध्याकाळी गच्चीवर गेलो. आमची गच्ची ४० फूट लांब, ३० फूट रुंद. बोट १:३५० ची, तर बेटही त्याच मापात. इवो जिमा सुमारे आठ किलोमीटर लांब, म्हणजे या मापात २३ मीटर. आमच्या गच्चीत मावत नाही, उत्तरेकडचं अर्धं बेट शेजाऱ्यांच्या गच्चीवर जातं. त्यांची परवानगी न घेता आम्ही ते तिकडेच आहे असं धरलं. आम्हाला हवा होता दक्षिणेचा किनारा, जिथे सैनिक उतरले. तो तीन किलोमीटरच्या थोडा वर, म्हणजे नऊ मीटर, तीस फूट. लांब कठड्याच्या कडेने तो बरोबर बसला. एका टोकाला सुरिबाची डोंगर. उंची १६९ मीटर. भागाकार केला तर ४८ सेंटिमीटर. म्हणजे बोट उभी केली तर डोंगराच्या डोक्याला डोकं लागतं. तीन घमेली उपडी एकावर एक ठेवली आणि डोंगर झाला.

किनारा काळा. ज्वालामुखीची राख आणि बारीक खडे, सैनिकाचा पाय घोट्यापर्यंत, कुठे पोटरीपर्यंत रुतायचा, खंदक खणावा तर कडा ढासळून पुन्हा भरायचा. आपल्याकडे राखेला तोटा नाही. दीपनगरच्या वीजकेंद्राची राख एका बांधकामावर पडली होती, तीतून पाटीभर आणली. करडी आहे, काळी नाही, पण पाय रुतायचा प्रकार तोच.

बोट समोरच्या कठड्याशी ठेवली. किनाऱ्यापासून आठ-नऊ मीटर, म्हणजे खऱ्यात तीन किलोमीटर. लांब पल्ल्याच्या तोफा असून जुन्या युद्धनौका तेव्हा इतक्या जवळ आल्या होत्या, कारण काँक्रीटचा मोर्चा फोडायचा तर गोळा वरून आसपास पडून भागत नाही, भिंतीवर सरळ बसावा लागतो. १६ फेब्रुवारी १९४५ पासून तीन दिवस मारा चालला. टेक्सास, तिची बहीण न्यूयॉर्क, आर्कान्सा, नेव्हाडा, आयडाहो, टेनेसी, अशा सहा जुन्या युद्धनौका, शिवाय क्रूझर आणि विनाशिका. उतरणाऱ्या मरीन दलाने दहा दिवस मारा मागितला होता. मिळाले तीन, त्यातही पाऊस आणि ढगांनी लक्ष्य दिसेना.

“मारा करणाऱ्याला दिसतं कसं, काय फुटलं ते?” हा नातवाचा दुसरा प्रश्न. इथे किटची एक चांगली गोष्ट सांगायची राहिली होती. मधल्या, म्हणजे तिसऱ्या टरेटच्या डोक्यावर एक रूळ आहे आणि त्यावर बोटभर लांबीचं सुद्धा नसलेलं छोटं विमान, पाण्यावर उतरणारं, किंगफिशर. या अख्ख्या खोक्यातला सगळ्यात सुबक भाग मला विचाराल तर तोच. हे विमान दारूच्या धक्क्याने रुळावरून उडवायचं, त्यातला निरीक्षक बेटावर घिरट्या घालायचा आणि वायरलेसवर सांगायचा: शंभर यार्ड पुढे, पन्नास डावीकडे. परतताना विमान समुद्रात उतरायचं आणि बोटीची क्रेन त्याला उचलून घ्यायची. सैनिक उतरल्यावर त्यांच्याबरोबरही नौदलाची वायरलेसवाली माणसं जायची, अमुक चौकोनात गोळे पाहिजेत म्हणून मागणी करायला. यार्डात शंटिंगला इंजिन ड्रायव्हरला पुढचं काही दिसत नसतं. तो शंटरच्या हातातल्या झेंडीवर चालतो. तसंच हे.

मग मी नातवाला दोन किलो ज्वारी आणायला सांगितली. ज्वारीचा दाणा साधारण पाच मिलिमीटर धरला तर या मापात तो एक माणूस. पहिल्या दिवशी, १९ फेब्रुवारीला, त्या किनाऱ्यावर तीस हजार सैनिक उतरले. तीस हजार दाणे म्हणजे आमच्या मालदांडीचे किलोच्या आसपास. आम्ही तीस फुटांच्या राखेच्या पट्ट्यावर ते ओतले. खाली वाकून पाहिलं तर दाणा दाण्याला खेटलेला. घरातून आवाज आला, “अन्न आहे ते! कायले सांडता?” पण तोवर ओतून झालं होतं.

“आता जपानी कुठे ठेवू?” नातू म्हणाला. त्याच्याकडे उरलेली ज्वारी होती. जपानी एकवीस हजारांच्या घरात, म्हणजे पाऊण किलोला थोडी कमी. तो घमेल्यांभोवती पसरायला लागला. मी म्हटलं, तिथे नाही. खाली.

“खाली म्हणजे?”

त्यांचा सेनापती कुरिबायाशी. त्याने किनाऱ्यावर माणसं उभी करून लढायचं नाही असंच ठरवलं होतं. बेटाच्या पोटात अठरा किलोमीटरच्या आसपास भुयारं खणली. आपल्या मापात ५० मीटर, म्हणजे गच्चीच्या लांबीच्या चौपट. तोफा गुहेत, दवाखाने गुहेत. नातवाने जरा विचार केला, ज्वारी स्टीलच्या डब्यात भरली, झाकण लावलं, जिना उतरून स्वयंपाकघरात गेला आणि डबा ओट्याखाली ठेवून आला. वर येऊन त्याने मुठीत राजगिरा घेतला, बोटीच्या बाजूने उभा राहिला आणि एकेक दाणा घमेल्यांवर मारायला लागला. टिंग, टिंग. पाच-सात मिनिटं मारत होता. मग थांबला आणि म्हणाला, “आबा, डब्याला तर काहीच होत नाही.”

पूर्ण खरं नाही ते. जे वर उघड्यावर होतं, ते बरंच फुटलं. आणि एक गंमत अशी झाली की १७ तारखेला किनाऱ्याजवळ तपासणीला गेलेल्या लहान तोफनौका पाहून जपान्यांना वाटलं की सैन्य उतरतंय; त्यांच्या लपलेल्या मोठ्या तोफांनी तोंड उघडलं आणि आपल्या जागा दाखवून दिल्या. लहान नौकांची दैना झाली, पेन्साकोला या क्रूझरवर सतरा माणसं गेली. पण त्या तोफा मग शोधून फोडता आल्या. १९ तारखेला सकाळी नऊला पहिली लाट उतरली तेव्हा मारा सैनिकांच्या पुढे-पुढे दोनशे यार्डांच्या टप्प्यांनी सरकत राहिला. पहिला तासभर फारसा प्रतिकार नाही. किनारा असा ज्वारीसारखा भरला, तेव्हा डोंगरातून आणि उत्तरेकडून तोफा सुरू झाल्या. पहिल्याच दिवशी सुमारे २,४०० सैनिक मृत किंवा जखमी. मार्चअखेरीस बेट हाती आलं तोवर अमेरिकेचे जवळजवळ सात हजार मेले. एकवीस हजार जपान्यांतले लढाईत जिवंत हाती लागले ते अवघे २१६.

टेक्सास ७ मार्चपर्यंत तिथेच होती, मागणी येईल तसे गोळे देत. मग ओकिनावा. तिथे दीड-दोन महिने, वरून आत्मघाती विमानं. त्यांच्यासाठीच डेकभर चार-चार नळ्यांच्या विमानविरोधी तोफा आहेत, ज्या जोडताना माझी एक पूर्ण आठवण... आठवडा म्हणायचं होतं, पण आठवणही गेली, चष्मा कुठे ठेवायचो तेच कळेना. आणि एवढ्या सगळ्या युद्धात या बोटीवर शत्रूच्या माऱ्याने मेला तो एकच माणूस, तोही फ्रान्सच्या किनाऱ्यावर, शेरबुर्गला: सुकाणूवरचा खलाशी. नौदलाच्या भाषेत खलाशी. आमच्या शेडचाही शब्द तोच, पण काम वेगळं.

कसारा घाटात गाडीला मागून बँकर इंजिन लावतात. ते जीव तोडून ढकलतं, इगतपुरीला सुटतं आणि गाडी पुढे जाते. कोणी म्हणालं की बँकरने गाडी मुंबईहून भुसावळला आणली, तर आमच्या शेडमध्ये लोक हसतील. बँकर नसता तर गाडी घाट चढली नसती, हेही तितकंच खरं. त्या पत्रकात असं काही लिहायला चार ओळी जास्त लागल्या असत्या, जागा होती.

ज्वारीचं विचाराल तर अर्धी झाडून घेतली. उरलेली चिमण्या आणि एका खारीने सकाळपर्यंत संपवली.

अमळनेरचा माझा एक मित्र नौदलातून निवृत्त झालाय. बोट पाहायला आला, भिंग लावून तासभर पाहिली, कुठे नाक मुरडलं नाही, आणि निघताना म्हणाला, “सगळं बेस शे. पण भो, आपली म्हैसूर कोठे शे?” त्याचं दुखणं मला पटतं. आयएनएस म्हैसूर, आधीची ब्रिटिश नायजेरिया, सहा इंची नऊ तोफांची क्रूझर. गोवामुक्तीच्या वेळी, १८ डिसेंबर १९६१ ला, पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या कारवारजवळच्या अंजदीव बेटावर आपले नौसैनिक उतरले तेव्हा त्यांच्या पाठीशी तोफा घेऊन त्रिशूळ आणि म्हैसूर उभ्या होत्या. बेट एवढंसं, तरी तिथेही तीच गोष्ट: पांढरं निशाण दिसलं, उतरलेल्या तुकडीवर गोळ्या झाल्या, आपले सात नौसैनिक गेले. मग बोटींनी तोफा चालवल्या आणि दुसऱ्या दिवशी बेट आलं. १:३५० मध्ये अंजदीव आमच्या गच्चीवर आरामात मावेल. पण म्हैसूरचं किट कुठल्याही दुकानात मला मिळालं नाही. लाकडातून कोरावी लागेल. स्लीपरचं जुनं लाकूड आहे माझ्याकडे.

घ्यावं का? पहिलीच बोट असेल तर नको. पितळी पत्रा तुमचा अंत पाहील आणि तुम्ही हा छंदच सोडाल. आधी साध्या लढाऊ विमानावर हात बसवा. दोन-तीन किटं झाली असतील तर जरूर घ्या, पण पावसाळ्यात किंवा हिवाळ्यात मागवा, मे महिन्यात नको. खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा, नाहीतर दुकान ऐकत नाही. हातड्रिल, एक मिलिमीटरचं पातं, लांबी आणि पाण्यात भिजवून घासायचा ८०० नंबरचा पॉलिशपेपर आधीच आणून ठेवा. मला रोज दोन तास धरून साडेतीन महिने लागले. सांगाड्याला पाचपैकी चार, डेकला पाच, तोफांच्या नळ्यांना दोन, विमानाला पाच, माहितीपत्रकाला एक, तोही चित्रांसाठी.

पंख्याचं राहिलंच. आठ आठवडे झाले, दहा झाले. दरम्यान मी पितळी पट्टीतून सुलट्या आट्याचा पंखा कानसून बसवून टाकला. परवा परदेशी तिकिटांचं पाकीट आलं. आत फोमच्या घडीत, वेगळ्या पिशवीत, माफीची चिठ्ठी लावून एक पंखा पाठवलाय. भिंग लावून पाहिला. उलटाच.